एव्हनच्या काठावरचं ब्यूडली

न्यूझीलंडमधलं क्राइस्टचर्च हे शहर इंग्रजांनी घरची आठवण काढत काढत वसवलं असावं. नदीला एव्हन म्हणायचं, काठाने विलोची झाडं लावायची, दगडी पूल बांधायचे, मग एखाद्याचा घोटाळा झाला तर त्याला दोष कसा द्यायचा? दमयंतीचा घोटाळा तसाच झाला. तिचा नवरा शिरीष तिला रिकार्टन उपनगरातल्या घरून रोज या नदीवर फिरायला आणायचा. एप्रिलमध्ये विलोची पानं पिवळी पडू लागली तशी ती पुलावर थांबली आणि म्हणाली, "ब्यूडलीला थंडी जरा लवकरच पडते, नाही हो?"

ब्यूडली म्हणजे इंग्लंडमधलं सेव्हर्न नदीवरचं एक छोटं गाव. लग्न झाल्या झाल्या शिरीषला तिथून जवळच एका गालिच्यांच्या कारखान्यात इंजिनिअरची नोकरी लागली होती आणि दोघांनी जेमतेम वर्षभर तिथे संसार केला होता. त्यालाही आता चाळीसहून जास्त वर्षं झाली. नंतर न्यूझीलंड, नीलचा जन्म, भूकंप, निवृत्ती. डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगितल्यापासून दमयंतीच्या डोक्यातून हे सगळं शेवटाकडून पुसलं जात होतं. भूकंप गेला, नीलचं लग्न गेलं, मग नीलही गेला. ब्यूडली तेवढं राहिलं.

शिरीष जन्माचा काटेकोर. सुरुवातीला तो तिला दुरुस्त करायला बघायचा. "अगं, ही एव्हन. आपण क्राइस्टचर्चला आहोत." असं म्हटलं की ती कावरीबावरी व्हायची. शेवटी दूर टाकानिनीला राहणारा मुलगा नील फोनवर म्हणाला, "बाबा, डोन्ट करेक्ट हर. ती जिथे आहे तिथे तुम्हीच जा ना." मुलाने शहाणपण शिकवलेलं शिरीषला कधीच रुचलं नव्हतं, पण या वेळी त्याने ऐकलं. त्या दिवसापासून दोघं रोज ब्यूडलीला जाऊ लागली.

जाण्यात मजाही होती. कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध घ्यायला शिरलं की दमयंती गल्ल्यावरच्या पटेलबाईंना ब्यूडलीची घरमालकीण समजून "गुड मॉर्निंग, मिसेस हार्पर" म्हणायची, आणि पटेलबाईही न हसता "मॉर्निंग, डिअर" म्हणायच्या. शिरीष हसायचा खरा, पण धास्तावलेलाच असायचा. ब्यूडलीत पुढे काय घडलं होतं ते त्याला ठाऊक होतं.

जुलैत, इथल्या ऐन हिवाळ्यात, ते समोर आलं. गवतावर हिमाचा पांढरा थर होता. दमयंतीने त्याची बाही धरली. "आपली इरावती कुठे ठेवलीत? मला दाखवा."

ब्यूडलीच्या हिवाळ्यात त्यांना मुलगी झाली होती आणि बारशाआधीच गेली होती. नाव फक्त दोघांच्या मनात होतं. एवढ्या लहान जीवाला अग्नी देत नाहीत, पुरतात, आणि बाळंतिणीने तिथे जायचं नसतं, हे शिरीषने लहानपणी घरी ऐकलेलं. त्या परक्या गावात अडवायला कुणी वडीलधारं नव्हतं. तिने येते म्हणून हट्ट धरला, पण घाबरलेल्या पोरसवदा शिरीषने ऐकीव रीत घट्ट धरून ठेवली आणि एकटाच पांढरी पेटी घेऊन गेला. दफनभूमी गावाबाहेर टेकडीवर होती, बोडकी, वाऱ्यात उघडी. घरी आल्यावर तिने विचारलं, "कुठे?" आणि त्याच्या तोंडून खरं निघेना. "नदीकाठी," तो म्हणाला, "एका झाडाखाली."

उरलेला हिवाळाभर दमयंती पुलावर उभी राहून काठावरची झाडं बघत असे. पुढे न्यूझीलंडहून तिकडे एकदा जाऊन येऊ म्हणाली, की कधी त्याची रजा आडवी आली, कधी छपराची दुरुस्ती, कधी नीलची परीक्षा. गेलं असतं तर झाड दाखवावं लागलं असतं. हळूहळू तिने विचारणं सोडलं, आणि त्याला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटकेची त्याला आता लाज वाटत होती.

आता तिला विमानात बसवणंही शक्य नव्हतं. शिरीषने समोरच्या एका म्हाताऱ्या विलोकडे बोट केलं. "इथे."

दमयंती गुडघे टेकून बसली. हातमोजा काढून तिने तळवा गवतावर ठेवला. "फार गार आहे हो," ती म्हणाली आणि अंगावरची शाल काढून तिने तिथे पांघरली, चारही कडा नीट खोचल्या. शिरीषने आपला कोट तिला घातला. शाल उचलायचा त्याला धीर झाला नाही.

मग रोजचंच झालं. सप्टेंबरात हॅगली पार्कमध्ये डॅफोडिलची फुलं फुलली. दमयंतीने एक तोडून झाडाशी ठेवलं. जन्मात कधी नियम न मोडलेला शिरीष कुणी बघत नाही ना म्हणून पहारा देत उभा राहिला. "जागा छान निवडलीत हो," ती म्हणाली. हे वाक्य त्याने त्या टेकडीवरून तिच्यासोबत परतताना ऐकायला हवं होतं.

डिसेंबरात विलो हिरवागार झाला, आणि दमयंती त्याच्यासमोरून तशीच पुढे निघून गेली. शिरीषने हाक मारली. ती वळली आणि अनोळखी माणसाकडे बघावं तशी सभ्यपणे हसली. आता ब्यूडलीही गेलं होतं. तो झाडाखालच्या बाकावर बसला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हुंदके देऊन रडला. इरावती नावाची कुणी होती, हे जाणणारा जगात तो एकटाच उरला होता.

दमयंती परत आली आणि जरा अंतर राखून बाकावर बसली. "तुमचं कुणी आहे का इथे?" तिने हळूच विचारलं.

"मुलगी."

"नाव काय तिचं?"

ते नाव त्याने मोठ्याने कधीच उच्चारलं नव्हतं. "इरावती," तो म्हणाला.

दमयंतीचा चेहरा उजळला. "अगबाई, मला मुलगी झाली ना, तर हेच ठेवायचंय."

"ठेव," शिरीष म्हणाला. "छान नाव आहे."