लेकराचं वय सांगा आधी

"लेकराचं वय सांगा आधी," असं काका म्हणायचे, आणि वय कळल्याशिवाय फोनला हात लावायचे नाहीत.

वाशीमच्या बसस्टँडमागच्या गल्लीत त्यांचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. मागच्याच खोलीत ते एकटे राहायचे. आमचं घर भिंतीला भिंत लागून. मी शाळेत इंग्रजी शिकवते म्हणून ते मला मॅडम म्हणत, मी त्यांना काका. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. रोज दिसतात, रोज दोन शब्द बोलतात, आणि आपल्याला वाटतं की आपण त्यांना ओळखतो.

कोणी मुलासाठी गेम टाकून मागायला आलं, की काका त्या गेमचं पान उघडून कोपऱ्यातल्या वयाच्या बारीक आकड्यावर नख ठेवत. "हे पाहा, बारा लिहेल हाय. तुमचं लेकरू आठ वर्साचं. चार वर्सानं या."

"काका, तुमी गेम टाकून राह्यले का लगनाचं वय पाहून राह्यले?"

लोक हसायचे. एकदा रिठदच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं विचारलं, "मंग मले चालते का?" काकांनी त्याच्या डोळ्यांत निरखून पाहिलं. "तुमी पह्यले मोतीबिंदू काढून या."

माझी मुलगी तेव्हा चौथीत होती. तिच्या गेमवर तीन वर्षांचा आकडा होता. गाईला चारा घालायचा, कोंबड्यांची अंडी गोळा करायची, एवढंच. एका सुटीच्या दुपारी ती दुकानातल्या बाकावर बसून खेळत होती. अंडी गोळा झाली की पडद्यावर रंगीत चक्र यायचं. बोट लावलं की ते गरगर फिरायचं, नाणी खणखणायची, आणि मोठं बक्षीस थोडक्यात हुकायचं. परत फिरवायचं तर जमवलेली नाणी लावायची.

काका स्क्रू कसत होते. त्यांचा हात थांबला.

"माय, अजून एकडाव फिरव." तिनं फिरवलं. "अजून एकडाव."

मग ते माझ्याकडे वळले. "मॅडम, काटा पाहा. दर खेपेले मोठ्या इनामाच्या एक घर अलीकडं थांबते. लेकराले आशा लावून राह्यलं हे."

"पण काका, यावर तर तीन वर्षं लिहिलंय."

"वरून गाई-कोंबड्या दिसतेत म्हून तीन. आत कोनं पाह्यलं?"

तुम्हाला हे कसं कळलं, असं मी सहज विचारलं. त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. अकरा वर्षं त्यांनी मटक्याचा आकडा लावला होता. त्यांचाही आकडा असाच एका घरानं हुकायचा, म्हणून दुसऱ्या दिवशी परत लावायचा. शेवटी बायको मुलीला घेऊन माहेरी, आसेगावला गेली ती परत आली नाही. त्यानंतर वर्षभरात त्यांचा नाद सुटला.

"सुटला तवा घरात सांगाले कोनी नोतं," ते म्हणाले आणि पुन्हा फोन उचलून कामाला लागले.

त्या आठवड्यात त्यांनी माझ्याकडून गेमवाल्यांना इंग्रजीत तक्रार लिहून घेतली. तीन वर्षांच्या लेकराच्या गेममध्ये जुगार आहे, आकडा तरी बदला, असं. खाली एक वाक्य त्यांनी हट्टानं घालायला लावलं: मी हे खेळलेलो आहे म्हणून ओळखतो. दोन दिवसांत उत्तर आलं. आपल्या प्रेमाबद्दल आभार, आपल्याला पन्नास नाणी भेट. काका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "मॅडम, मलेच परत लावाले बसवून राह्यले!"

मग त्यांनी आमच्या शाळेच्या पालकसभेत पाच मिनिटं मागून घेतली. फोन उंच धरून ते चक्र दाखवू लागले. मागून एका बापानं आवाज दिला, "काका, तुमाले या धंद्याची लयच माहिती दिसते!" सगळे हसले. मला वाटलं, तेही हसतील आणि खाली बसतील.

"हाय माहिती," ते म्हणाले. "अकरा वर्सं आकडा लावला म्या. घर गेलं त्याच्यात. म्हून सांगून राह्यलो."

त्यांनी फोन पुन्हा उंच धरला आणि चक्र फिरवून दाखवलं.

गावाला तोवर यातलं काही ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं. काही लोक दुसऱ्या दुकानात जाऊ लागले. जुगाऱ्याच्या हातात फोन कशाला द्या, असं म्हणत. काही बाया मात्र दुपारी गिऱ्हाईक नसताना यायच्या, पदराखालून फोन काढायच्या आणि हळूच म्हणायच्या, "काका, याच्यात ते चक्र हाय का पाहा बरं."

महिन्याभरानं मला एका अनोळखी बाईचा फोन आला. आसेगावहून, शाळेतून माझा नंबर घेऊन. "मी त्याईची पोरगी. ते खरंच बोलले का, सगळ्याईसमोर?"

"हो."

ती म्हणाली, "माही आई वाट पाहू पाहू गेली. तिच्यासमोर नाही बोलले कधी." फोन ठेवला.

मी काकांना सांगितलं. ते दुकान झाडत होते. त्यांनी एकच विचारलं, "आवाज कसा हाय तिचा?"

मला नीट सांगता येईना. नंबर देऊ का, म्हटलं. "नको. तिनं तुमाले लावला, मले नाही." पण त्यानंतर अनोळखी नंबर वाजला की ते हातातलं काम टाकून उचलायचे. असे ते दीड वर्ष उचलत राहिले.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी दुकान उघडलं नाही. त्या नंबरवर मलाच फोन लावावा लागला. ती आली, पण तोवर अंत्यसंस्कार उरकले होते. तिनं माझ्याकडून किल्ली घेतली, खोली झाडली, गादी गुंडाळून ठेवली आणि उंबऱ्यावर बसून राहिली. मी चहा नेऊन दिला. तिनं दोन्ही हातांनी कप धरला आणि वर न पाहताच विचारलं, "त्याईले खायाले काय आवडे हो?"

सहा वर्षं भिंतीला भिंत लागून राहिले होते मी. मला ते माहीत नव्हतं.