चारला ठिय्या मारणारा हमाल

मंगळवार, १२ मार्च. पडदे धुतले. सिलिंडर बदलला. सूनबाईचा हमाल आजपासून सगळ्या जगाला फुकट. सूनबाई जेवली नाही.

सासूबाईंनी एवढं लिहून रोजनिशी मिटली, तेव्हा शेजारच्या खोलीत सूनबाई कॉम्प्युटरसमोर डोकं धरून बसली होती.

हमाल हे तिच्या प्रोग्रॅमचं लाडाचं नाव. तिची कंपनी अवाढव्य. तिथल्या हजारो मशीनांवर नवं सॉफ्टवेअर बिनबोभाट पोचवायचं, हे हमालाचं काम. नोकरीच्या पहिल्याच वर्षी तिने तो लिहिला आणि पोटच्या पोरासारखा वाढवला. आता कंपनीने तो ओपन सोर्स केला होता. कुणीही तो उघडून वाचावा, वापरावा, हवा तसा बदलावा. साहेबांनी मात्र बजावलं होतं, की बाहेर हसं झालं तर कंपनी अंग काढून घेणार आणि हमाल मोडीत निघणार.

म्हणून पाहुणे यायच्या आधी घर आवरावं तसा तिने आणि तिच्या टीमने तो आवरला होता. पासवर्ड काढले. ओळींच्या मधेमधे एकमेकांना मारलेले टोमणे काढले. ‘इथे हात लावू नका, हे साहेबांनाही कळलेलं नाही’ हा तर साहेबांनी स्वतःच शोधून काढला.

तरीही पहिल्याच दिवशी परक्या लोकांनी विचारलं, हा दुपारी चारला अर्धा तास ठिय्या मारून का बसतो?

ती हबकलीच. सुरुवातीला टीम तिघांची होती. चारला तिघंही खाली कँटीनमध्ये चहाला जायचे. एकदा ते खाली असताना इकडे हमालाने धुमाकूळ घातला. तेव्हा तिने त्याला लिहूनच दिलं, आम्ही वर येईपर्यंत जागचं हलायचं नाही. पुढे टीम वाढली, सगळ्यांना सवय झाली, आणि ती ओळ कुणाच्या डोळ्यांत खुपलीच नाही.

सकाळी साहेबांचा फोन आला.

“सर, गुपचूप काढून टाकू?”

“आता काय गुपचूप, सगळ्यांनी पाहिलंय. काहीतरी भारदस्त कारण दे. मशीनला विश्रांती वगैरे.”

सासूबाई दारात मटार सोलत बसल्या होत्या. तिने त्यांच्याकडे पाहिलं. “काय लिहू, आई?”

“खरं काय आहे?”

“चहा.”

“मग चहा लिही. भारदस्त कारण नंतर लक्षात ठेवावं लागतं.”

तिने जीव मुठीत धरून सगळं लिहून टाकलं, धुमाकुळासकट.

दुपारपर्यंत उत्तरांची रीघ लागली. एकाने लिहिलं, आमची सुट्टी अकराला, तेव्हा बसेल का हा? दुसऱ्या एका अनोळखी माणसाने तर तसा बदलच लिहून पाठवला. ज्याने त्याने आपापली वेळ टाकायची, नको असेल तर रिकामी ठेवायची. तिने ओळ न् ओळ तपासली, एक चूक दाखवली. त्याने ती लगेच सुधारली आणि तिने तो बदल हमालात घालून टाकला.

परत फोन. “अगं, लोक हसतायत.”

“हो, सर.”

“आणि वापरतायत. राहू दे हमालाला. आपले चार मात्र चारच ठेव. मी खाली चहाला निघालोय.”

ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि आधण ठेवलं.

बुधवार, १३ मार्च. हमाल राहिला. सूनबाई पोटभर जेवली. चहा तीनदा झाला. दूध संपले, उद्या जास्त घ्यायचे.