पाच वाजेपर्यंत करमलं तर

आमच्या घरातून कुठंही निघायचं म्हटलं की पहाटे चारला गाडी सुरू होते. मार्केटला डाळिंबं न्यायची असोत, लग्नाला जायचं असो नाहीतर दाताच्या डॉक्टरकडे. चारच्या पुढं निघालं की आमच्या यांना उशीर झाला असंच वाटतं. त्यामुळे रिसॉर्टच्या पावतीवर ‘खोली दुपारी दोनला मिळेल’ असं स्वच्छ छापलेलं असूनही आम्ही लासुर्ण्याहून चारला निघालो आणि सकाळी नऊला घाटाखालच्या त्या थीम पार्कच्या दारात हजर झालो. झाडणारी बाई अजून फाटकापाशीच होती.

काउंटरवरची मुलगी फार गोड बोलायची. तिनं आमची पावती दोनदा वाचली आणि म्हणाली, “तुमची पार्कची तिकिटं उद्याची आहेत. आज फक्त अरायव्हल डे. आजचा दिवस तुम्हाला पूर्ण मोकळा. एन्जॉय करा.”

“मोकळा म्हंजे करायचं काय?” आबांनी विचारलं.

आबा म्हणजे माझे सासरे. वय पंच्याहत्तरच्या पुढं, धोतर, पांढरा शर्ट, डोक्याला टोपी. त्यांनी हा प्रश्न भांडायला म्हणून विचारला नव्हता, त्यांना खरोखरच कळलं नव्हतं. पण सगळी सहल त्या एका प्रश्नावर लटकली होती.

सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून आबांनी घराबाहेर मुक्काम केलेला नव्हता. लग्नाला जायचे, पंगतीत बसायचे, पण दिवस मावळायला घरी. आमच्या नणंदेचं सासर भवानीनगरला, घरापासून हाकेच्या अंतरावर म्हणा ना, पण तिथंही राहायचे नाहीत. कुणी आग्रह केला की एकच उत्तर, “गुरं हायती.” आता गुरं म्हणजे दोन गाई, आणि शेजारचे तात्या त्यांना आमच्यापेक्षा जास्त लाडानं सांभाळतात. पण आबांपुढं हे बोलायचं कुणी?

यंदा जानेवारीत जोडून सुट्ट्या आल्या. आमच्या उसाला तोड मिळून रान मोकळं झालेलं. आमची लेक पाचवीत, तिच्या वर्गातली अर्धी मुलं ह्या पार्कला जाऊन आली होती. तिनं आबांच्या मागं लागून लागून त्यांना हो म्हणायला लावलं. आबा आले, पण अट घालूनच. गाडीत बसण्याआधी मला म्हणाले, “पाच वाजंपर्यंत करमलं तर ऱ्हाईन. न्हाय करमलं तर एस्टीनं मागारी. पाचला मला सांगायचं.” मी बरं म्हटलं. आबांनी अंगावरच्या कपड्यांशिवाय काहीच घेतलं नव्हतं. त्यांची एक जोडी मी गुपचूप माझ्या बॅगेत कोंबली.

यांनी गाडीतच हळूच सांगून ठेवलं होतं, “आबा निघालं तर मी त्यास्नी एकट्याला एस्टीत बसवनार न्हाय. समदी मागारी फिरायचं.” म्हणजे लेकीचं पार्क उद्या, आणि निकाल आज पाचला. नऊ ते पाच, आठ तास मला एका माणसाचं मन रमवायचं होतं. एवढं सांगून आमचे हे गाडीतली सीट मागं पाडून ढाराढूर झोपले. पाच तास गाडी चालवली होती, झोपू देत, असं मी स्वतःला सांगितलं. पण राग आला तो आलाच.

घरी मला दिवसभरात टेकायला सवड नसते. इथं वेळच वेळ होता आणि तो घालवायचा कसा हे मलाच सुचेना. आधी आबांना मी हॉलमधल्या सोफ्यावर बसवलं. ते त्यात इतके खोल रुतले की उठताना लेकीला हात द्यावा लागला. मग चहा मागवला. अंगठ्याएवढा कप आला, बशी नव्हतीच. “च्या हाय का औषिद?” आबा म्हणाले आणि एका घोटात तो संपवला. मग बाग दाखवायला नेलं. ओळीनं शोभेची झाडं लावलेली. आबांनी एकेका झाडाला हात लावून पाहिला. “फळ न्हाय, सावली न्हाय. मग लावलंय कशाला?” मी म्हटलं, “बघायला.” ते म्हणाले, “बगितलं.” आणि मागे वळले. बागेला पाव तासही लागला नाही.

तेवढ्यात भिंतीपलीकडून भोंगा झाला. लांबलचक, अगदी आमच्याकडच्या साखर कारखान्याच्या भोंग्याच्या चालीचा. आबा थांबले. त्यांचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला.

इथं सांगायला हवं की आबांकडं घड्याळ नाही. मोबाईल आहे, साधा बटणांचा, पण बॅटरी वाचावी म्हणून तो बंद करून खिशात ठेवतात. हंगाम चालू असला की भवानीनगरच्या कारखान्याचा भोंगा वारं असेल तसा आमच्या रानात ऐकू येतो. चारचा, बाराचा, आठचा. आमच्याकडं अजूनही जुनी माणसं भोंग्यावर जेवतात.

“बाराचा झाला,” आबा म्हणाले. “भाकरी सोड.”

“आबा, अकराच वाजलेत,” लेक मोबाईल दाखवत म्हणाली.

“भोंगा चुकत न्हाय. तुजा मोबाईल चुकला आसंल.”

वाद घालण्यात अर्थ नव्हता. यांना उठवलं आणि गाडीच्या सावलीला बसून आम्ही अकरा वाजता जेवलो. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, कांदा. सगळ्या दिवसातला तो एक तास मला जड गेला नाही. पण पुढं आम्ही सावलीतच लवंडलो असताना पुन्हा भोंगा झाला, आणि आबा ताडकन उठून बसले.

“आता ह्यो कशाचा? हितला कारखाना येडा हाय का काय?”

पलीकडे पाण्याची नळी घेऊन उभा असलेला माळी हसला. “बाबा, कारखाना नाही. पार्कात लाटांचा तलाव आहे. दर तासाला भोंगा वाजवतात, मग मशीननं लाटा सोडतात. लोकांना कळावं म्हणून भोंगा.”

“आदी सांगत्यात, आन मग पानी सोडत्यात?”

“हो.”

“बरोबर त्याच टायमाला?”

“मिनिटाचा फरक पडत नाही.”

आबा माळ्याकडं बघतच राहिले. “म्हंजे आवर्तन हाय की ह्ये!”

माळ्याला काही कळलं नाही. पण आम्ही कालव्याच्या टेलची माणसं, म्हणजे कालवा जिथं संपतो तिथली. वरची गावं भिजली की उरलेलं पाणी आमचं. आवर्तन म्हणजे कालव्याला पाणी सोडायची पाळी. अमक्या दिवशी सुटणार म्हणून कळतं, आबा खोरं खांद्यावर टाकून बांधावर जातात, आणि पाणी येतं त्यानंतर कधीतरी, त्याच्या सवडीनं. आबांचा जन्म त्या वाट बघण्यात गेला. त्यांच्या दृष्टीनं बोलल्याप्रमाणे येणारं पाणी ही बघायचीच गोष्ट होती.

दोनला खोली मिळाली. तिसरा मजला, पुढं गॅलरी, आणि गॅलरीतून खाली तो तलाव सरळ दिसत होता. आबांनी पलंगाकडं पाहिलंसुद्धा नाही. खुर्ची ओढून गॅलरीत बसले. तीनचा भोंगा झाला. तलावातली माणसं ओरडत मधे धावली आणि पाणी उचललं गेलं.

“आलं!” आबा म्हणाले.

लेक त्यांच्या शेजारी कठड्याला चिकटून बसली. मग तिला शिकवणं सुरू झालं. “ती मशीन हाय बग, ती म्हंजी धरन. तितं पानी जोरात. हिकडं काठाला ती बाया-पोरं बसल्यात का? ती टेलवाली. त्यांच्यापत्तूर येईस्तवर पान्यात दम ऱ्हात न्हाय. हितंबी टेलवाल्यांची तीच गत.”

“आबा, आपण उद्या धरणापाशी उभं राहायचं,” लेक म्हणाली.

 उद्याचं बोलणं आबांनी तोडलं नाही, आणि मी ते मनात धरून ठेवलं. हे पलंगावर पडून टीव्ही बघत होते. मी चहा केला, खोलीतच केटली होती, आणि आबांना मोठ्या ग्लासात भरून दिला. मग मीही दाराशी खुर्ची घेऊन बसले. चारचा भोंगा झाला, पाणी आलं. हातात काही काम नाही आणि समोर माणसं पाण्यात खिदळताहेत, असं तासभर मी कधी बसल्याचं मला आठवत नाही. मला फार बरं वाटत होतं. आणि त्यामुळेच पाच वाजायची भीती वाढत चालली होती.

पाचचा भोंगा झाला. लाटा आल्या, लेक ओरडली. मी गप्प बसले. आबांकडं घड्याळ नव्हतं, लेक लाटा बघण्यात गुंग होती, यांना झोप लागली होती. मी खोटं काही बोलत नव्हते, मी फक्त बोलत नव्हते. पाच वाजून पाच मिनिटं झाली. दहा झाली. मी लग्न होऊन आल्यापासून वीस वर्षं आबांनी मला कधी तू कुठं गेलीस, किती वेळ लावलास, असं विचारलं नव्हतं. मी सांगेन ते खरं धरलं होतं. एका पार्कसाठी मी त्यांना फसवत होते. सव्वापाचला मला राहवेना.

“आबा, पाच वाजून गेले. जरा उशिराच सांगते आहे.”

“ठाव हाय,” आबा तलावावरची नजर न काढता म्हणाले. “पाचचा भोंगा ऐकला की मी. आता हितला भोंगा कळाया लागलाय मला. म्हटलं बगू, सांगतीस का न्हाय.” मग वळून माझ्याकडं बघितलं. “पंद्रा मिंटं लावलीस.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी बॅगेकडं हात केला. म्हटलं, निघायचं असेल तर यांना उठवते.

“बस खाली,” आबा म्हणाले.  लेक खाली कुणाला तरी हात करत होती. मग ते हळू आवाजात म्हणाले, “गुरांचं निमित्त हाय पोरी. तुमच्या आईला बारामतीच्या दवाखान्यात ठेवलंतं, तवा नऊ राती काडल्या मी तितं, बाकड्यावर. त्यो माजा शेवटचा मुक्काम. तवापास्नं बाहेर आंग टाकलं की तीच खोली डोळ्यापुडं येती. म्हनून मी कुठं ऱ्हात न्हाय.”

सहा वर्षं मी ‘गुरं हायती’ ऐकून मनातल्या मनात चिडत आले होते. पाहुण्यांपुढं कितीदा हसलेही होते. त्या नऊ रात्री रोज सकाळी मीच डबा घेऊन जात होते, आणि रात्री ते कसे झोपतात हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

आबांनी खिशातून मोबाईल काढला, चालू केला, आणि तो पुरता जागा व्हायची वाट बघत बसले. मग शेजारच्या तात्यांना फोन लावला. आबांना फोनवर कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा आवाज मोठा असतो. पलीकडचं सगळं आम्हालाही ऐकू येत होतं.

“तात्या, गाईंचं सकाळचंबी तुमीच बगा. म्या आज हितं मुक्काम करतोय.”

“मुक्काम?” तात्या घाबरून ओरडले. “का वो आबा? कोन ॲडमिट हाय?”

आबांनी नातीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

“कोन न्हाय वो,” ते म्हणाले. “समदी चांगली हायती. असाच मुक्काम हाय, मजेचा.”