दादाच्या चित्रांतली माणसं

खाबुऱ्याहून मस्कतला परतताना नवऱ्याचा फोन आला. "नंदा, आधी गाडी बाजूला घे," तो म्हणाला आणि पुढचं मला कळून गेलं. दादा गेला होता. जेवून जरा पडला, तो उठलाच नाही... बॉम्ब पडत होते तिथून दर वेळी सुखरूप परतलेला माझा भाऊ मस्कतजवळच्या अल अमेरातमधल्या आमच्या घरात झोपेत गेला.

दादा मुंबईच्या एका दैनिकाचा युद्धवार्ताहर. त्याची बातमी छापून आली की आई आधी वरची तारीख बघायची. त्या दिवसापर्यंत तरी तो जिवंत होता म्हणून. मग एका शहरात, आदल्या दिवशी तो जिथे चहा प्यायला होता ती अख्खी गल्ली जमीनदोस्त झाली. त्याने मृतांचा आकडा कळवला आणि नोकरी सोडली. मस्कतला एका मासिकात काम धरून माझ्याकडे राहिला, कादंबऱ्या लिहिल्या. पुढे शब्दही नकोसे झाले आणि तो रंगांकडे वळला. तीच गल्ली पुन्हा पुन्हा काढायचा. दारं, खिडक्या, दोरीवरचे कपडे. माणूस एकही नाही.

मस्कतच्याच रुवी भागातल्या त्याच्या छोट्या प्रदर्शनात, त्या चित्रांपुढे सल्मा नावाची एक बाई थबकली. ती त्याच शहरातली, आता इथे शाळेत शिकवते. "माणसं कुठे आहेत?" तिने विचारलं.

"ती कशी मेली एवढंच मला माहीत आहे," दादा म्हणाला. "जगत कशी होती, ते नाही."

"मला माहीत आहे."

तेव्हापासून ती दर शुक्रवारी यायची. ती सांगायची, दादा काढायचा. कबुतरं उडवणारा तिचा काका, भांडखोर शेजारीण... "नंदे, हा न्हावी बघ, गिऱ्हाइकाला तोंडच उघडू द्यायचा नाही म्हणे!" असं म्हणून दादा खळखळून हसला होता. कितीतरी वर्षांनी.

सल्माचा नंबर दादाच्या फोनमध्ये होता आणि फोन आम्हाला उघडता येईना, म्हणून तिला कळवता आलं नव्हतं. शुक्रवारी ती खजूर घेऊन आली. माझ्याकडे पाहताच तिला कळलं आणि तिने पिशवी खाली ठेवली.

मी तिला दादाच्या खोलीत नेलं. ईझलवरच्या अर्धवट चित्रात तिच्या आईचं स्वयंपाकघर होतं. वर सारलेल्या बाह्या, कणीक मळणारे हात, डोक्याला रुमाल. चेहऱ्याची जागा कोरी. मागच्या वेळी आईबद्दल बोलताना सल्माला रडू आवरेना, तेव्हा दादा म्हणाला होता, "राहू दे. चेहरा पुढच्या शुक्रवारी."

ती आपल्या नेहमीच्या जागी बसली आणि दादाच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत सांगू लागली, "डोळे घारे होते तिचे. हसली की डावा आधी मिटायचा..."

मी दारात उभी राहून ऐकत होते. मला साधी रेघसुद्धा ओढता येत नाही.