निळ्या झाकणातलं पाणी

आप्पा गेल्याचा आईचा फोन आला तेव्हा मी शेंद्र्याला कंपनीत जेवत होतो. फोन ठेवला आणि उरलेला डबा संपवला... का संपवला, ते मला आजही सांगता येत नाही. आता महिना होईल. लोक भेटायला येतात, डोळे पुसतात, मी त्यांना चहा देतो. मला अजून रडू आलेलं नाही. आत सगळं बधिर आहे, दात काढल्यावर गाल असतो तसं.

माझ्या वडिलांचं अर्धं आयुष्य पैठणच्या बाजूला मेंढरांमागं गेलं. मग एका दुष्काळात धरणाचं पाणी पार आत सरकलं, गाळाला भेगा पडल्या आणि आप्पांनी कळप विकून टाकला. मी त्यांना शहरात, पुंडलिकनगरच्या दोन खोल्यांत आणलं. तिथं खिडकीशी खुर्ची टाकून ते समोर चढत जाणाऱ्या इमारती बघत बसायचे. बोलणं जवळजवळ थांबलंच. नळाला पाणी यायचं त्या दिवशी मात्र सगळ्यांच्या आधी उठून भांडी मांडून ठेवायचे.

माझ्या मुलीच्या सुट्टीत आम्ही सगळे मुंबईला गेलो. तिला तिथल्या जुन्या संग्रहालयातले पेंढा भरलेले प्राणी बघायचे होते. दगडी इमारत, आत गारवा, काचेआड वाघ, काळवीट, लांडगा. लांडगा म्हणजे आप्पांचा जन्माचा वैरी, त्याला दोन शिव्या तरी घालतील असं मला वाटलं होतं. नुसतं बघून पुढं गेले. थांबले ते डोंगरी मेंढ्यांच्या काचेपुढं. बराच वेळ उभे होते. मग नातीची पाण्याची बाटली मागून घेतली, तिच्या निळ्या झाकणात पाणी ओतलं आणि खाली वाकून काचेसमोर फरशीवर ठेवलं. मुलगी हसायला लागली. पहारेकरी लगबगीनं आला.

“अहो बाबा, पाणी कुणाला ठेवताय? मेलेत ते.”

“मेलेत म्हनूनच ठिवतोय,” आप्पा म्हणाले.

आमच्यात माणूस गेलं की ज्या जागी गेलं तिथं दिवा लावून पाण्याचा पेला ठेवतात, दहाव्यापर्यंत. सकाळी पाणी कमी दिसलं की ते पिऊन गेलं, असं म्हणायचं. पण हे त्या पहारेकऱ्याला कसं समजावणार... मी झाकण उचललं आणि फरशी रुमालानं पुसली.

बाहेर पायऱ्यांवर बसल्यावर आप्पा आपणहून बोलले. कळप बाजाराकडं नेताना एक गाभण मेंढी रस्त्याच्या कडेला बसली होती. “माझ्या बाटलीत दोन घोट हुते. तिनं मान वर करून बघितलं माझ्याकडं. म्या पेलो.” मग म्हणाले, “ती गेली तव्हा पानी ठिवावं म्हनलं, तर बाटली रिकामी.”

“जनावराला कोन ठिवतंय पानी?” आई म्हणाली.

“म्या ठिवलं असतं.”

त्यानंतर हा विषय घरात कधी निघाला नाही. मी तर विसरूनही गेलो होतो.

आप्पा खिडकीजवळच्या खुर्चीतच गेले. सगळं उरकून स्मशानातून घरी आलो तर तिथं दिवा होता, पेला होता, आणि पेल्याशेजारी ते निळं झाकण, काठोकाठ भरलेलं. मी आईकडं बघितलं.

“ती बी असंल की त्यांच्यासंगं,” ती म्हणाली.

दहावा होऊन गेला, पण आई दोन्ही उचलू देत नाही. रोज रात्री मीच भरतो. सकाळी पेल्यातलं पाणी होतं तेवढंच दिसतं, झाकण मात्र कोरडं असतं. एवढंसं पाणी, उन्हाचे दिवस, वाळणारच. आई आतून विचारते, “घेतलं का रं तिनं?”

“व्हय, घेतलं,” मी म्हणतो.