विहिरीचं पहिलं पाणी

लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, अशी माझ्या माहेरची रीत. माझ्या लग्नाला सात-आठ वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. त्यामुळे बाबा मसोलीहून तलासरीकडच्या आमच्या गावी यायचे ते स्कूटरच्या हुकला पाण्याची बाटली लटकवूनच. ओटीवर बसायचे, बाटलीतलं पाणी प्यायचे, चार गप्पा मारून निघायचे. मनाने देवमाणूस, पण रीत म्हटली की शेंडी तुटो वा पारंबी. ती बाटली दिसली की माझ्या डोक्यात तिडीक जायची. गावात कुणी विचारलं नाही तरी बाटलीच सांगायची, हिला अजून मूल नाही म्हणून.

त्या वर्षी मे महिन्यात मोठं वादळ झालं. आमच्या अंगणातला रायवळ आंबा मुळासकट उपटून विहिरीवर आडवा पडला. रहाट मोडला, कठडा एका बाजूने ढासळला, डहाळ्या, पानं, कैऱ्या सगळं पाण्यात. वीज गेल्यामुळे नळही बंद. शेजारीपाजारी आपापल्या उडालेल्या कौलांमागे लागलेले. नवरा, सासूबाई आणि मी कोयते घेऊन झाडाला भिडलो होतो, पण तिघांनी तो आंबा हलणार कसला!

फोन लागत नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटरचा आवाज आला. कुऱ्हाड, करवत, दोराचं वेटोळं, सगळं बांधून बाबा हजर. कोसबाडच्या वाटेवर झाडं आडवी होती म्हणून रानशेतवरून हायवेने वळसा घालून आले होते.

"आपली वाडी कशीय?" मी विचारलं.

"वाडीचं सोड. तू बरी आहेस ना?" म्हणाले आणि कुऱ्हाड काढायला लागले. निम्मी चिकूची झाडं भुईसपाट झाली होती, ते मला नंतर आईकडून कळलं. आपली झाडं तशीच टाकून हा माणूस माझा आंबा तोडायला आला होता. आणि हुकला बाटली होतीच.

बाबा आणि नवरा करवत ओढत होते, आम्ही दोघी फांद्या ओढून कुंपणाकडे नेत होतो. खोड बाजूला झाल्यावर नवरा कमरेला दोर बांधून विहिरीत उतरला. वर दोर बाबांच्या हातात. तो खालून टोपली भरायचा, आम्ही वर खेचायचो. ऊन असं की जमीन पोळत होती. दुपारी बाबांनी बाटली उलटी करून झटकली. थेंब नव्हता. लांबच्या हातपंपावरून आणलेला हंडा पडवीत भरलेला होता, पण मी विचारलं नाही. त्यांचं "नको गं" त्या दिवशी मला सोसलं नसतं. सासूबाईंनीही ती रिकामी बाटली पाहिली.

गढूळ पाणी उपसून उपसून अखेर एक बादली स्वच्छ आली. तिला कैरीचा वास येत होता. सासूबाईंनी पाणी फडक्यातून गाळून तांब्या भरला आणि बाबांसमोर उभ्या राहिल्या.

"घ्या, व्याही."

बाबांनी हात जोडले. "नको हो. आमची रीत तुम्हाला ठाऊक आहे."

"तुमची रीत तुमच्या घरी. आमच्यात पन एक रीत हाय. जो विहीर साफ करतो, पयलं पानी त्याचं. त्यानं नाय घेतलं तर घरातलं कोनी त्या पान्याला तोंड लावत नाय. आता बसवा आमाला तहानलेलं."

बाबा कात्रीत सापडले. स्वतःची रीत मोडवत नव्हती, पण दुसऱ्याच्या घरची रीत मोडणं तर त्यांच्या लेखी त्याहून मोठं पाप. त्यांनी ओल्या कपड्यांतल्या जावयाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग खाली बसले आणि अख्खा तांब्या रिकामा केला. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळत होतं. मी लाकडांच्या ढिगामागे जाऊन पोटभर रडून घेतलं.

संध्याकाळी ते गेल्यावर सासूबाई आणि मी लोणच्यासाठी कैऱ्या फोडत बसलो होतो. मी म्हटलं, "आई, ही रीत मला कशी माहीत नाही?"

"मला तरी कुठं माहीत होती?" विळीवरून मान वर न करता त्या म्हणाल्या. "सुचली तवा सांगितली. आता पाळायला लागंल."

वादळाचे आभार मी मानणार नाही. त्याने बाबांची वाडी झोपवली. पण सासूबाईंचे उपकार मी या जन्मी विसरणार नाही. घरातल्या सुनेला मूल नाही म्हणून त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही, आणि त्या दिवशी तर माझ्यासाठी एक रीतच घडवली.

मूल अजून नाही. बाबा मात्र दर महिन्याला येतात, बिनबाटलीचे. आल्या आल्या विचारतात, "विहिरीत काही पडलंय का?" मग जाळी घेऊन कचरा काढतात, हात धुतात आणि ओटीवर बसून तांब्याभर पाणी पितात. परवा ते यायचे होते त्या सकाळी विहीर अगदी स्वच्छ होती. मी पडवीतून पाहिलं, सासूबाई कठड्याशी वाकून मूठभर सुकी पानं पाण्यात टाकत होत्या.