नाल्यापलीकडचं हेलिपॅड

माझं शेवटचं पोस्टिंग डोंगरातल्या एका चौकीवर. मी सिग्नलचा हवालदार, वायरलेस सेटवर. चौकीखाली नाला होता आणि नकाशावर आमची हद्द त्या नाल्यावर संपायची. पलीकडचं हेलिपॅड नुसत्या डोळ्यांनी दिसायचं, पण ते दुसऱ्या कमांडचं.

आता आगाशीच्या बाजारात लोक पेपर वाचून विचारतात, "सायमनकाका, हे थिएटर कमांड कशाला हवंय?"

अरे बाबांनो, सांगून सांगून दमलो. युद्ध जगभर पसरलं की एका टेबलावरून लढता येत नाही. म्हणून मोठी सैन्यं प्रदेश पाडतात. हा समुद्र, हे वाळवंट, हा डोंगरी मुलूख. एकेक प्रदेश म्हणजे एकेक थिएटर. तिथलं पायदळ, विमानं, जहाजं, सगळं एकाच कमांडरच्या हाताखाली. आपल्याकडे तिन्ही दलांच्या कमांड वेगळ्या, हद्दीही जुळत नाहीत, म्हणून हा खटाटोप. पण हद्द कुठेही आखा, तिच्या काठावर कोणीतरी उभा असतोच. आमचा दत्ता होता.

लान्स नायक दत्ता, साताऱ्याचा. घरून माझं सुकेळीचं पुडकं आलं की माझ्याआधी हाच फोडायचा. वर म्हणायचा, "उस्ताद, तुमच्या वसईची केळी वाळली तरी गोडच."

एका सकाळी गस्तीची तुकडी परतताना दरड कोसळली. दत्ताची मांडी चिरडली. रक्त थांबेना. मी सेट उचलला.

"कॅज्युअल्टी एक, सीरियस. नाल्यापलीकडे हेलिकॉप्टर उभं आहे. पाठवा. ओव्हर."

"ते आपल्याकडे नाही. वर विचारतो. वेट. आउट."

आमचे वर विचारणार, ते त्यांच्या वरच्यांना विचारणार, मग उत्तर तसंच उलटं खाली येणार. रीतच तशी. सेटवर माझ्याशी बोलणारा आमचा ऑपरेटरही रडकुंडीला आला होता, त्याला काय बोलणार?

दत्ता स्ट्रेचरवर होता. म्हणाला, "उस्ताद, दिसतंय की हेलिकॉप्टर."

"येतंय," मी म्हटलं.

दुपारी परवानगी आली. तोवर ढग पार खाली बसले होते. वरातीमागून घोडं. संध्याकाळी दत्ता गेला. मला अजून संताप येतो, आणि संतापून थकायलाही होतं.

नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी आमच्या गावात जो तो आपल्या माणसांच्या कबरीवर मेणबत्त्या लावतो. ज्यांची माती इथे नाही, त्यांच्यासाठी मोठ्या क्रूसाखाली. रिटायर होऊन आलो त्या वर्षी मी फादरांना विचारलं, "फादर, साताऱ्याचा होता, हिंदू होता. त्याच्या नावानं लावू का?"

"लाव की. विचारत काय बसलास!"

त्या दिवशी सेटवर मला एवढंच ऐकायचं होतं.